काम भरपूर होतं, तरी चार्टर कंपनी बुडाली कशी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नऊ आसनी दोन टर्बोप्रॉप (टर्बाइनने पंखा फिरवणाऱ्या) विमानांवर सुरू झालेली एक चार्टर, म्हणजे अख्खं विमान भाड्याने देणारी, कंपनी चौथ्या वर्षी पाच विमानांवर गेली, त्यात एक मोठं जेट आलं, आणि सहाव्या वर्षी सुट्ट्यांचा हंगाम संपता संपता एका रात्रीत बंद पडली. शेवटच्या आठवड्यापर्यंत विमानं उडत होती, फोन वाजत होता, गिऱ्हाईक परत पाठवावं लागत होतं. मग पैसा गेला कुठे? आणि बाहेरच्या माणसाला हे आधी दिसलं असतं का?

यात एक गृहीत दडलेलं आहे, ते आधी बाजूला काढू. काम भरपूर म्हणजे कमाई भरपूर, असं आपण धरून चालतो. या धंद्यात त्या दोन गोष्टींचं नातं फार सैल आहे. गिऱ्हाइकाअभावी बुडणारी कंपनी सहसा पहिल्या दीड-दोन वर्षांतच बुडते. सहाव्या वर्षी बुडणारी कंपनी बहुतेक वेळा दोन उधाऱ्यांखाली दबलेली असते, आणि दोन्ही उधाऱ्या बँकेच्या पासबुकात दिसत नाहीत. पहिली प्रवाशांची: त्यांनी आगाऊ भरलेले पैसे, ज्यांचं उड्डाण अजून व्हायचं आहे. दुसरी इंजिनांची: उडालेल्या प्रत्येक तासाला झिजलेलं आयुष्य, ज्याचं बिल अजून आलेलं नाही. खात्यातल्या शिलकीतून या दोन रकमा वजा करा. उरेल तेवढंच कंपनीचं. तुम्ही सांगता त्या कंपनीचा हा आकडा माझ्या अंदाजाने चौथ्या वर्षीच उणे झाला असणार. पुढची दोन वर्षं ती दुसऱ्यांच्या पैशांवर उडत होती.

अर्थात चार्टर कुठल्या प्रकारचं, यावर पुष्कळ अवलंबून आहे. बोलावलं की जाणारी, टॅक्सीसारखी कंपनी रिकाम्या फेऱ्यांत झिजते. सहल कंपन्यांना अख्खं विमान विकणारी कंपनी हंगामाच्या चक्रात अडकते. तिसरी असते वेट लीजवाली: विमान, वैमानिक, देखभाल आणि विमा तिचा, इंधन आणि विमानतळांचे आकार भाड्याने घेणाऱ्या विमान कंपनीचे. तिचं सगळं एकदोन करारांवर टांगलेलं असतं, म्हणून तिथे दरमहा किमान तासांची हमी लिहून घेतली आहे की नाही हे एकच कलम आधी वाचावं. धनिकांची विमानं सांभाळून मधल्या वेळात ती भाड्याने देणाऱ्या कंपनीला भांडवल सगळ्यात कमी लागतं, पण मालकाने विमान विकायचं ठरवलं की तिची क्षमता एका पत्रानिशी जाते. तुमच्या वर्णनातली कंपनी पहिल्या प्रकारात सुरू होऊन जेट आल्यावर दुसऱ्यात शिरलेली दिसते. तसं नसेल तर पुढचे आकडे बदलतील, घटनांचा क्रम फारसा बदलणार नाही.

आता हिशेब. चलन बाजूला ठेवून नुसती एककं घेऊ. एका विमानाचा महिन्याचा स्थिर खर्च १०० एककं धरा: पगार, विमा, हँगर, हप्ता किंवा भाडं, परवान्यासाठी लागणारी माणसं. उडण्याचा खर्च तासाला २ एककं. त्यातलं १.३ एकक इंधन, लँडिंग आणि हाताळणीवर लगेच जातं, आणि ०.७ एकक इंजिनं, पंखे व लँडिंग गिअर (चाकांची यंत्रणा) यांच्या पुढच्या दुरुस्तीसाठी बाजूला पडायला हवं. गिऱ्हाइकाला दर तासाला ६ एककं. विमान महिन्याला ५० तास उडालं आणि सगळे तास विकले गेले, तर तासाला ४ एककं सुटतात आणि महिन्याला १०० एककं नफा राहतो. असं कधीच होत नाही. गिऱ्हाईक एकीकडे सोडून विमान रिकामं परत येतं, किंवा दुसरीकडून माणूस उचलायला रिकामं जातं. दहा तासांतले चार तास रिकामे जाणं हे टॅक्सी पद्धतीच्या चार्टरमध्ये नवल नाही. रिकाम्या तासांचे अर्धे पैसे गिऱ्हाइकाकडून मिळाले तर त्याच ५० तासांवर नफा ४० एककांवर येतो. काहीच मिळालं नाही तर महिन्याला २० एककं तोटा. लॉगबुकात तिन्ही वेळा ५० तासच लिहिलेले असतात.

खरी गोम पुढे आहे. बाजूला पडायला हवं ते ०.७ एकक मालकाने हिशेबात धरलंच नाही, तर तोच २० एककांचा तोटा १५ एककांचा नफा म्हणून दिसतो. मालक खोटं बोलत नसतो, खात्यात पैसे खरंच वाढत असतात. पण महिन्याला ३५ एककं, अशी सहा वर्षं, म्हणजे ७२ महिन्यांत २,५२० एककं. हा एका विमानाचा दोन वर्षांहून जास्त काळाचा स्थिर खर्च झाला, आणि त्याचं देणं एकदम येतं.

कधी येतं तेही बघा. या आकाराच्या टर्बोप्रॉपवर बहुधा प्रॅट अँड व्हिटनी कॅनडाच्या पीटी६ए घराण्यातलं इंजिन असतं. किंग एअर बी२०० वरच्या पीटी६ए-४२ चं उदाहरण घेतलं तर पूर्ण ओव्हरहॉल, म्हणजे इंजिन संपूर्ण खोलून दुरुस्त करणं, साधारण ३,६०० तासांनी येतो, आणि मधे १,८०० तासांनी हॉट सेक्शनची तपासणी, म्हणजे ज्वलनकक्ष आणि टर्बाइनची पाती उघडून बघणं. पंखे आणि लँडिंग गिअर यांना तासांबरोबर वर्षांचीही मर्यादा असते. विमान उडो न उडो, साधारण सहा वर्षांनी ते उघडावे लागतात. आता वर्षाला ६०० तास या वेगाने मोजा. तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस १,८०० तास भरतात, हॉट सेक्शनचा खर्च येतो. तो बोचतो पण झेपतो, आणि झेपला म्हणून मालकाला वाटतं की आपली गणितं बरोबर आहेत. चौथ्या वर्षी तो विमानं वाढवतो. सहाव्या वर्षाच्या अखेरीस ३,६०० तास. विमानं ताज्या ओव्हरहॉलची घेतली असतील, तर मूळ दोन विमानांची चारही इंजिनं, पंखे आणि गिअर एकाच वर्षात दारात उभे राहतात. जुनी घेतली असतील तर हे आणखी आधी. तुमच्या कंपनीचं सहावं वर्ष हा मला योगायोग वाटत नाही.

दोन विमानं एकाच वर्षी घेऊन समान उडवली की हे ठरलेलंच आहे. म्हणून जाणते देखभालप्रमुख पहिल्या वर्षापासून एक विमान मुद्दाम जास्त उडवतात, किंवा इंजिनांची विमानाविमानांत अदलाबदल करून कुठलीही दोन इंजिनं एकमेकांपासून तीनचारशे तासांच्या आत ओव्हरहॉलला येणार नाहीत असं बघतात. अदलाबदलीला मजुरी लागते, विमान काही दिवस उभं राहतं, म्हणून नवा मालक नाक मुरडतो. दुसरा मार्ग तासागणिक पैसे भरायच्या योजनेचा. इंजिन बनवणारी कंपनी किंवा तिसरी संस्था दर तासाला ठरलेली रक्कम घेते आणि खर्च अंगावर घेते. ती महाग वाटते, पण तिचा खरा उपयोग शिस्तीचा आहे: त्या पैशाला मालकाचा हात लागू शकत नाही. त्याशिवाय इंजिन नेहमी ठरलेल्या तासालाच दुरुस्तीला येतं असंही नाही. सुरू करताना तापमान मर्यादेबाहेर गेलं, समुद्राकाठच्या खारट हवेत कंप्रेसर वेळच्या वेळी धुतला नाही, धावपट्टीवरचा खडा आत गेला, की १,२०० तासांवरही इंजिन उतरवावं लागतं. मग भाड्याचं इंजिन बसवा, त्याचे तासाचे पैसे द्या, आणि आपलं कारखान्यातून परत यायची वाट बघा.

आता प्रवाशांची उधारी. सुट्टीच्या चार्टरमध्ये पैसे हंगामाआधी येतात आणि खर्च हंगामात व नंतर होतो. आगाऊ आरक्षणाच्या दिवसांत खातं ओसंडून वाहतं. नेमकं तेव्हा नवं विमान घ्यायचा मोह होतो, कारण विकणाराही तेव्हाच दारात असतो. हंगाम संपतो, पुरवठादारांची मुदतीची बिलं येतात, आणि पुढचे चार-पाच महिने उत्पन्न नसतं. मोठ्या कंपन्या कधी पडल्या ते बघितलं तर हेच चक्र दिसतं. ब्रिटनमधली ब्रिटिश ईगल १९६८ च्या नोव्हेंबरात बंद पडली, एक्सएल २००८ च्या सप्टेंबरात, मोनार्क २०१७ च्या २ ऑक्टोबरला. हंगाम संपल्यावर तग धरून राहिलेल्या हिवाळ्याच्या शेवटी जातात: लेकर एअरवेज १९८२ च्या ५ फेब्रुवारीला, एअर युरोप १९९१ च्या मार्चमध्ये. मोनार्कच्या बाबतीत सहलविक्रीचा वार्षिक परवाना सप्टेंबरच्या अखेरीस संपत होता, चोवीस तासांची मुदतवाढ मिळाली, नूतनीकरण झालं नाही आणि कंपनी थांबली. परदेशात अडकलेल्या सुमारे १,१०,००० लोकांना आणायची व्यवस्था सरकारी यंत्रणेला करावी लागली.

ही उधारी इतकी धोक्याची आहे की काही देशांनी तिच्यासाठी वेगळे कायदे केले. अमेरिकेत जनतेला जागा विकणाऱ्या चार्टरच्या नियमांत, भाग ३८० मध्ये, प्रवाशांचे पैसे उड्डाण होईपर्यंत वेगळ्या संरक्षित खात्यात ठेवायची किंवा त्याला हमीदार द्यायची अट आहे. ब्रिटनमध्ये कोर्ट लाइन १९७४ च्या १५ ऑगस्टला भर हंगामात कोसळली, हजारो लोक परदेशी किनाऱ्यांवर अडकले, आणि १९७५ मध्ये प्रवाशांना भरपाई देण्यासाठी राखीव निधीचा कायदा आला. युरोपीय संघाचा २००८ चा १००८ क्रमांकाचा नियम तर परवाना मागणाऱ्यालाच सांगतो की उत्पन्न शून्य धरून तीन महिन्यांचा स्थिर आणि चालू खर्च भागेल एवढं बळ दाखव. हा नियम जिथे लागू नाही तिथल्यानेही तो स्वतःला लावून घ्यावा असं माझं मत आहे. फक्त तीन महिने पुरत नाहीत. हंगामी कंपनीला पाच लागतात.

टॅक्सी पद्धतीच्या कंपनीत हीच उधारी दुसऱ्या वेषात येते: सवलतीत आगाऊ विकलेले तास. पंचवीस किंवा पन्नास तासांचं पॅकेज एकरकमी विकायचं आणि गिऱ्हाईक वर्षभर वापरणार. पॅकेज विकणं वाईट नाही. पण कंपनी ते कधी आणि कुठल्या सवलतीत विकते त्यावरून तिची नाडी कळते. गर्दीच्या हंगामाच्या तोंडावर, जेव्हा तास पूर्ण दराने विकले जाणार आहेत तेव्हाच, वीस-पंचवीस टक्के सवलतीने मोठी पॅकेजं बाजारात आली, तर तिथे नफ्याचा विचार नाही, पगाराच्या तारखेचा आहे.

तिसऱ्या-चौथ्या-पाचव्या विमानाबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण चढण तिथेच संपते. एकाच जातीची दोन विमानं असताना एक बिघडलं की दुसरं धावून जातं. वैमानिक दोन्ही उडवतात, तंत्रज्ञ दोन्ही उघडतात, सुटे भाग एकाच कपाटात मावतात. त्याच जातीचं तिसरं विमान हा या धंद्यातला सगळ्यात शहाणा खर्च आहे, कारण स्थिर खर्च फारसा न वाढता एक राखीव विमान मिळतं. पण परवान्यासाठी आवश्यक पदं आधीच भरलेली असतात ती एका मर्यादेपर्यंतच पुरतात. उड्डाणप्रमुख, प्रशिक्षणप्रमुख, देखभाल व्यवस्थापन, जमिनीवरचं कामकाज, सुरक्षा व्यवस्थापक: दोन विमानांवर एकेक माणूस दोन टोप्या घालून निभावतो आणि उड्डाणप्रमुख स्वतःही आठवड्याला चार दिवस उडतो. पाच विमानांवर त्याला खुर्ची सोडता येत नाही. म्हणजे एक पूर्णवेळ वैमानिक कमी झाला आणि एक पूर्णवेळ पगार कार्यालयात गेला. पुढे नियामकाच्या तपासणीत त्रुटी वाढतात, त्या मिटवायला आणखी माणसं लागतात. हा खर्च पायऱ्यांनी वाढतो, उतारासारखा हळूहळू वाढत नाही, आणि चौथं-पाचवं विमान नेमकं पायरीवर पाय देतं.

वैमानिकांचं गणित वेगळं. एका विमानाला कागदावर दोन जोड्या पुरतात. रजा, आजारपण, सक्तीची विश्रांती, वर्षातून दोनदा येणारी तपासणी धरली की तीन लागतात. उड्डाणतासांची वार्षिक कमाल मर्यादा अनेक देशांत ९०० ते १,००० तासांच्या आसपास आहे, पण मागणीनुसार उडणाऱ्या कंपनीत ती आड येत नाही. आड येते ती ड्यूटीची मर्यादा. गिऱ्हाईक बैठकीत सहा तास बसतं तेव्हा वैमानिक उडत नसतो, पण त्याची ड्यूटी चालू असते, आणि परतीच्या वेळी ती संपलेली असू शकते. मग दुसरी जोडी पाठवा किंवा मुक्काम करा. दोन्ही खर्च कोटेशनमध्ये नसतात.

आता जेट. वेगळी जात म्हणजे त्या जातीचं वेगळं प्रशिक्षण, वेगळा सिम्युलेटर, वेगळी परवानाधारक तंत्रज्ञ मंडळी, वेगळी पुस्तकं, वेगळे सुटे भाग, वेगळी अवजारं. पाच-सहा वैमानिक एका विमानाला बांधले जातात आणि व्यवहारात बाकीची चार विमानं उडवू शकत नाहीत. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हे. सगळ्यात वाईट दिवस म्हणजे गर्दीच्या शनिवारी ते एकुलतं एक जेट बिघडतं तो. त्याची जागा टर्बोप्रॉप घेऊ शकत नाही. बाहेरून विमान भाड्याने आणावं लागतं, त्या दिवशी सगळ्यांनाच विमान हवं असतं, आणि दर समोरचा सांगेल तो. अशा तीन शनिवारांत हंगामाचा नफा जातो. जेट भाडेकरारावर असेल तर दोन-तीन महिन्यांच्या भाड्याची अनामत अडकते, दरमहा देखभालनिधी विमानमालकाकडे भरावा लागतो, आणि करार संपताना विमान कुठल्या अवस्थेत परत द्यायचं याची अट असते. ही शेवटची अट सही करताना कुणी वाचत नाही. इंजिनाचं अमुक आयुष्य शिल्लक, गिअर ताजा, रंग नवा, कागद पूर्ण: परतीचा खर्च अनेक महिन्यांच्या भाड्याएवढा होऊ शकतो, आणि तो टाळण्यासाठी कंपन्या तोट्यातलं विमान चालूच ठेवतात.

मोठ्यांचीही गत वेगळी नव्हती. कोर्ट लाइन बीएसी वन-इलेव्हन विमानांवर बरी चालली होती. १९७३ मध्ये तिने लॉकहीड ट्रायस्टार ही प्रचंड विमानं आणली आणि डबघाईला आलेली क्लार्कसन्स ही सहल कंपनी ताब्यात घेतली, कारण ती बुडाली असती तर विमानं भरायची कुणी? त्याच वर्षी तेलसंकट आलं. मोठ्या गिऱ्हाइकाला वाचवायला त्यालाच विकत घेणं, हा प्रकार लहान कंपन्यांतही सर्रास दिसतो, फक्त तिथे विकत घेण्याऐवजी उधारी वाढवत नेतात. फ्रेडी लेकर यांनी १९६६ मध्ये चार्टर कंपनी काढली, १९७७ मध्ये अटलांटिकवर स्वस्त नियमित सेवा सुरू केली. विमानांची कर्जं डॉलरमध्ये होती आणि उत्पन्नाचा मोठा भाग पौंडांत. १९८१ मध्ये डॉलर वधारला, हप्ते फुगले, त्यात मोठ्या स्पर्धकांनी दर पाडले. इंधन, सुटे भाग, इंजिनदुरुस्ती, भाडं हे सगळं जगभर डॉलरमध्ये चालतं, त्यामुळे ज्या कंपनीचं गिऱ्हाईक स्थानिक चलनात पैसे देतं तिला हा फास कायमचा असतो. एअर युरोप आणि मोनार्क या दोघीही चार्टरवर वाढल्या आणि नियमित सेवेकडे वळल्या. चार्टरमध्ये रिकाम्या जागेची जोखीम सहल कंपनीची असते. नियमित सेवेत ती पूर्ण आपली. लहान चार्टर कंपनीने दोन शहरांमध्ये रोजची फेरी सुरू केली की मी हाच बदल बघतो: तिने विकत घेतलेली जोखीम ती आजवर दुसऱ्याला विकत आली होती.

पडण्याचा क्रम बहुतेक ठिकाणी सारखा असतो. पहिला आघात देखभालीवर. उडण्याला अडथळा न आणणारे दोष पुढे ढकलायची परवानगी प्रत्येक विमानाच्या किमान उपकरण यादीत असते. प्रत्येक दोषाला मुदत असते: काहींना ३ दिवस, काहींना १०, काहींना १२० दिवस. भाग घ्यायला पैसे असलेली कंपनी १० दिवसांचा दोष चौथ्या दिवशी मिटवते. पैसे नसलेली दहाव्या दिवशी रात्री मिटवते, किंवा मुदतवाढ मागते. मग एक विमान तपासणीसाठी आत जातं आणि बाहेर येत नाही, कारण त्याचे भाग दुसऱ्या विमानांवर चढत असतात. असा भाग दोनदा काढावा, दोनदा बसवावा आणि दोनदा नोंदवावा लागतो, म्हणजे मजुरी दुप्पट आणि चुकीची शक्यताही दुप्पट. उभ्या विमानाचा हप्ता, विमा आणि हँगरभाडं चालूच असतं.

दुसरा आघात उधारीवर. तीस दिवसांची मुदत देणारा इंधनवाला आधी सात दिवसांवर येतो, मग उड्डाणाआधी पैसे मागतो. त्याचे लोक एकमेकांशी बोलतात, त्यामुळे एका विमानतळावरची बातमी आठवडाभरात सगळीकडे पोचते. हंगामी कंपनीचं खेळतं भांडवल म्हणजे मुख्यतः पुरवठादारांची मुदत असते. ती गेली की कंपनीला एका महिन्याची कमाई एकदम रोखीत उभी करावी लागते, आणि ती कुठून येणार? दिशादर्शन आणि विमानतळांचे आकार थकले तर पुढचा धोका. काही देशांत, ब्रिटनमध्ये तर नक्कीच, थकबाकीसाठी त्या कंपनीचं कुठलंही विमान अडकवून ठेवता येतं, ज्या विमानाने ती थकबाकी केली तेच असायला हवं असं नाही. शेवटी भाड्याने विमान देणारा मालक हलतो. विमानांच्या मालकी आणि कर्जाबद्दलचा आंतरराष्ट्रीय केपटाउन करार मानणाऱ्या देशांत, थकबाकीदाराच्या विमानाची नोंदणी रद्द करून ते देशाबाहेर न्यायचा अधिकार त्याने सही घेऊन आधीच राखलेला असतो. एका सकाळी वैमानिक येतो तर विमानाच्या दाराला नोटीस चिकटवलेली. तुम्ही म्हणता ती ‘एका रात्रीत’ ही शेवटची पायरी आहे. आधीच्या पायऱ्यांना आठ-दहा महिने लागलेले असतात.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. पैशाची ओढाताण कार्यालयात थांबत नाही, ती कधी कधी विमानात चढते. २०१६ च्या २८ नोव्हेंबरला बोलिव्हियाच्या लामिया या चिमुकल्या चार्टर कंपनीचं अॅव्ह्रो आरजे८५ कोलंबियात मेडेयीनजवळ इंधन संपून पडलं, ब्राझीलच्या शापेकोएन्से फुटबॉल संघातल्या बहुतेकांसह ७१ माणसं गेली, सहा वाचली. उड्डाण आराखड्यात प्रवासाचा वेळ ४ तास २२ मिनिटं होता आणि इंधन पुरण्याचा वेळही ४ तास २२ मिनिटंच. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे प्रवासाच्या इंधनावर आकस्मिक साठा, पर्यायी विमानतळापर्यंतचं इंधन आणि शिवाय जेटला ३० मिनिटांचा अंतिम साठा लागतो. यातलं काहीच नव्हतं, आणि मधे उतरून इंधन घेणंही टाळलं गेलं. अमेरिकेत टेटरबरो विमानतळावर २००५ च्या २ फेब्रुवारीला एका चार्टर कंपनीचं चॅलेंजर जेट धावपट्टी ओलांडून रस्त्यापलीकडे गेलं, कारण विमानाचा गुरुत्वमध्य, म्हणजे वजनाचा तोल, मर्यादेबाहेर नाकाकडे गेल्याने नाक उचललंच नाही. पुढे कंपनी चालवणाऱ्यांवर फौजदारी खटला चालला, त्यात स्वस्त ठिकाणी इंधन जादा भरून घ्यायची पद्धतही बाहेर आली. आणि लहान कंपनीला अपघात पचत नाही. इजिप्तच्या फ्लॅश एअरलाइन्सकडे दोनच बोइंग ७३७-३०० होती. २००४ च्या ३ जानेवारीला त्यातलं एक शर्म अल-शेखहून उड्डाण करताच समुद्रात पडलं, १४८ जण गेले, आणि काही महिन्यांत कंपनीही गेली.

मग कंपनी तगली असती का? माझ्या मते तगली असती, पण निर्णय चौथ्या वर्षी घेतले असते तर, सहाव्या नाही. जेटऐवजी त्याच जातीचं तिसरं विमान, आणि तिथेच थांबायचं. मोठं काम आलं तर ते दुसऱ्या परवानाधारकाला देऊन दलाली घ्यायची, आपण विमान घ्यायचं नाही. इंजिनांचे पैसे दर महिन्याच्या पाच तारखेला उडालेल्या तासांप्रमाणे वेगळ्या खात्यात, आणि त्या खात्यावर देखभालप्रमुखाची सही सक्तीची. प्रवाशांच्या आगाऊ रकमेचं तिसरं खातं. एकाच गिऱ्हाइकाकडून तीस टक्क्यांहून जास्त उत्पन्न येत असेल तर त्याची उधारी तेवढीच आखूड. हे सगळं कंटाळवाणं आहे, आणि असं चालणारी कंपनी सहाव्या वर्षी पाच नव्हे, तीनच विमानांची असते. सहाव्या वर्षी हे उपाय करून बघण्यात अर्थ नव्हता. तेव्हा उरलेला एकमेव चांगला पर्याय म्हणजे पगार, भाडं आणि प्रवाशांची देणी भागत असतानाच, हंगामाआधी, दोन विमानं विकून धंदा आटोपता घेणं. ते फार थोडे करतात.

बाहेरून दिसणाऱ्या खुणा तुम्ही विचारल्या होत्या. ठरलेलं विमान वारंवार बदलून येणं, एकच विमान महिनोन् महिने हँगरच्या कोपऱ्यात इंजिनाशिवाय उभं असणं, हंगामाच्या तोंडावर सवलतीची पॅकेजं, इंधनाच्या टँकरपाशी कार्डासाठी ताटकळणारा वैमानिक, आणि एका वर्षात देखभालप्रमुख किंवा हिशेबनीस दोनदा बदलणं. यातली एखादी गोष्ट कुठेही घडते. देखभालप्रमुख आणि हिशेबनीस दोघंही सहा महिन्यांत गेले तर मात्र मी आगाऊ पैसे भरणार नाही. प्रवासी म्हणून करारावर उडवणाऱ्या कंपनीचं नाव आणि परवाना क्रमांक मागा. दलालाचं नाव पुरेसं नाही. पैसे शक्यतो उड्डाणाच्या जवळच्या तारखेला भरा.

तुमच्या ओळखीचं कुणी अजून तशाच एखाद्या कंपनीत नोकरीला असेल, तर त्यांना सांगण्यासारखी गोष्ट एवढीच: प्रशिक्षणाच्या, तपासणीच्या आणि उड्डाणतासांच्या नोंदींच्या सहीशिक्क्याच्या प्रती आत्ताच घरी आणून ठेवा. दिवाळखोरीचा अधिकारी आला की आधी नोंदींच्या खोलीला कुलूप लावतो, कारण कागदांशिवाय त्या विमानांना गिऱ्हाईक मिळत नाही. त्याच खोलीत तुमच्या शेवटच्या सिम्युलेटर तपासणीचाही कागद असतो, आणि पुढची कंपनी तो पहिल्याच दिवशी मागते.